लोकलची वीज : वाचनालयातल्या चालत्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

विषय पक्का झाला. येत्या ३ फेब्रुवारीला आपल्या देशातल्या विजेच्या रेल्वेला शंभर वर्षं होतायत. १९२५ साली त्या दिवशी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हजेरीत बोरीबंदरहून हार्बरमार्गे कुर्ल्याला पहिली विजेची गाडी सुटली. त्या निमित्ताने डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाच्या विज्ञान कोपऱ्यात एक चालती प्रतिकृती मांडायची. नववी-दहावीची काही मुलं, मी आणि वाचनालयाची मागची खोली, एवढा संसार.

मुलांना विचारलं, लोकलला वीज कुठून मिळते? "वरच्या तारेतून." तारेत कुठून येते? तिथे सगळे गप्प. आणि तारेतून खाली आलेली वीज परत कुठून जाते, हा प्रश्न तर कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. घरटी एक जण लोकलने कामाला जाणारं हे गाव. म्हणून ठरवलं, डोंगरातल्या तलावापासून रुळापर्यंत आणि रुळातून परत, असा अख्खा फेरा दाखवायचा. मधला टप्पा गाळायचा नाही.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मुंबईने १५०० व्होल्टची डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) सोडून २५,००० व्होल्टची एसी (दिशा सतत बदलणारी वीज) का घेतली, हे बघणाऱ्याला न सांगता दिसलं पाहिजे. बाकी सगळं त्याच्या भोवती.

२३ नोव्हेंबर

फळ्यावर हिशेब. बारा डब्यांची गाडी फलाट सोडून वेग घेताना ३ मेगावॉट खेचते असं धरलं. १५०० व्होल्टला प्रवाह येतो २००० अँपिअर. २५,००० व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी १२० अँपिअर पुरतात. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे तार तीच ठेवली तर नासाडी पावणेतीनशे पटीने उतरते. हा दहावीच्या पुस्तकातलाच जूलचा नियम. परीक्षेत दोन गुणांना विचारतात तो. आज पहिल्यांदाच तो मुलांना कुठेतरी कामाला येताना दिसला.

एकीने लगेच विचारलं, "बाई, मग पहिल्यापासूनच एसी का नाही घेतली?" प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर त्या काळातच शोधावं लागतं. डीसी सिरीज मोटर उभ्या गाडीला सुटताना जबरदस्त ओढ देते, तिचा वेग सांभाळणं सोपं. पण वीजकेंद्रातून येते ती एसी. तिची डीसी करणारी यंत्रं १९२५ साली इतकी अवजड होती की ती जमिनीवर, गाडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या उपकेंद्रात म्हणजे सबस्टेशनातच ठेवावी लागत. आधी फिरती यंत्रं, मग पाऱ्याचे रेक्टिफायर, पुढे सिलिकॉनचे डायोड. तेव्हा डीसी हाच शहाणपणाचा पर्याय होता. त्याची किंमत म्हणजे दर काही किलोमीटरवर एक सबस्टेशन आणि डोक्यावर जाडजूड तारा. १९५०च्या दशकाच्या शेवटी फ्रेंच रेल्वेचा अनुभव बघून भारताने २५,००० व्होल्ट स्वीकारले. मद्रास आणि कलकत्त्याच्या डीसी लोकल १९६०च्या दशकात बदलल्या. मुंबईत मात्र तोवर इतक्या गाड्या आणि इतकी माणसं डीसीवर अवलंबून होती की हात लावायला कुणी धजेना.

१ डिसेंबर

लोहार चाळीतून सामान आणलं. १८ गेजची नायक्रोम तार दोन मीटर. नायक्रोम मुद्दाम घेतली. तांब्याच्या दोन मीटर तारेत काहीच घट दिसली नसती, आणि आम्हाला तर वीस-तीस किलोमीटर तारेतली व्होल्टेजची घट एका फळीवर दाखवायची आहे. या तुकड्याचा रोध दोन ओहमच्या आसपास भरतो. गाडीच्या जागी मोटारसायकलच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॉटचे बल्ब. एलईडी नको, कारण व्होल्टेज पडलं तरी तो इमानदारीने मंद होत नाही. १२ चे ४८ आणि ४८ चे १२ करणारे छोटे ट्रान्सफॉर्मर वाइंडिंगवाल्याकडून बनवून घेतले. ४८ च का? पन्नास व्होल्टच्या आत राहायचं, मुलांचे हात सगळीकडे असतात.

८ डिसेंबर

आजचा दिवस माझ्यासाठी सोन्याचा.

फळीच्या एका टोकाला पुरवठा, दुसऱ्या टोकाला गाडी. आधी सरळ १२ व्होल्ट दिले. टोकाच्या गाडीपाशी मीटर ९ व्होल्ट दाखवतो. बल्ब पिवळा, मरगळलेला. शेजारी दुसरी गाडी लावली तर दोन्ही सातवर आल्या. मग स्विच फिरवला. आता पुरवठ्यापाशीच १२ चे ४८ होतात, तारेतून ४८ जातात आणि गाडीच्या पोटातला ट्रान्सफॉर्मर परत १२ करतो. तार तीच, बल्ब तोच. मीटर ११ च्या वर, बल्ब पांढराशुभ्र. दुसरी गाडी लावली तरी फरक डोळ्यांना कळत नाही.

तारेतला प्रवाहही मोजला. आधी दीड अँपिअर होता तो अर्ध्याच्या खाली आला. मुलं आळीपाळीने तो स्विच फिरवत बसली, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

ट्रान्सफॉर्मरला बॅटरी जोडून बघितली, क्षणभरच, फ्यूज लावून. पलीकडे शून्य. एसी का लागते याचं उत्तर त्या शून्यात आहे. व्होल्टेज सहज चढवता-उतरवता येतं ते एसीचंच, आणि चढवता आलं तरच प्रवाह कमी करता येतो.

१४ डिसेंबर

ओएचई म्हणजे रुळावरच्या तारा सांभाळणाऱ्या विभागातून निवृत्त झालेले एक काका आले. आयुष्य टॉवर वॅगनवर, तारेपर्यंत पोचवणाऱ्या मचाणाच्या गाडीवर गेलेलं. त्यांनी आमची तार बघितली आणि पहिलं वाक्य, "बाई, ही सरळ का लावलीत?"

खरी तार सरळ नसते. सरळ रुळावर ती मध्यरेषेच्या एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, साधारण २०० मिलिमीटर सरकवलेली असते, वळणावर ३०० पर्यंत. पँटोग्राफवरची, म्हणजे गाडीच्या टपावरून तारेला टेकणाऱ्या सांगाड्यावरची, कार्बनची पट्टी एकाच जागी घासली गेली तर करवतीने कापल्यासारखी खाच पडेल आणि पट्टी तुटेल. तार नागमोडी असली की गाडी धावताना ती पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहते आणि झीज वाटली जाते. फलाटावर उभं राहून लांबवर बघितलं तर हे साध्या डोळ्यांनी दिसतं.

तारेचा छेद त्यांनी कागदावर काढून दाखवला. गोल नाही. दोन्ही खांद्यांना खोबण असते, तिथे क्लिप पकडते, म्हणजे खालची बाजू पँटोग्राफसाठी मोकळी राहते. वर्षानुवर्षं घासून ती खालची बाजू सपाट होत जाते. उरलेली जाडी मोजून तार बदलायची वेळ ठरवतात. ही संपर्कतार १०७ चौरस मिलिमीटरची, तांब्याची. तिच्या वर झोळ दिलेली दुसरी तार, कॅटेनरी, आणि तिच्यापासून लोंबणारे ड्रॉपर. झोळ वरची तार खाते, खालची सपाट राहते. पँटोग्राफ खालून साधारण सात किलोच्या जोराने टेकलेला असतो. जोर कमी पडला तर ठिणग्या, जास्त झाला तर तार वर उचलली जाते.

मुलांनी लगेच तार सोडवून नागमोडी बांधली. काकांनी प्रत्येक खिळा स्वतः तपासला.

१५ डिसेंबर

काकांच्या सांगण्यावरून मुलांना घेऊन सकाळी ठाकुर्लीच्या पादचारी पुलावर गेले, दुपारी पुन्हा. काही खांबांवर कप्पीला लोंबणारी वजनं दिसतात. रोज बघतो, पण कशासाठी ते ठाऊक नसतं. तांबं उन्हाने वाढतं. पाऊण किलोमीटर तार १४ अंशांनी तापली तर ती सुमारे १८ सेंटिमीटर लांबते. ताण सुटून तार लोंबली तर पँटोग्राफ अडकलाच म्हणून समजा. ही वजनं खाली सरकून ताण धरून ठेवतात. कप्पी तिपटीची असली तर वजन अर्ध्या मीटरहून जास्त खाली येतं. सकाळी ज्या बोल्टच्या समोर वजनाचा तळ होता, दुपारी तो त्याच्या खाली गेलेला मुलांनी स्वतः बघितला. ना मोटर, ना सेन्सर. निव्वळ वजन आणि कप्पी.

२२ डिसेंबर

तलावांचा फलक लिहिला. याला वेळ लागला आणि लागायलाच हवा होता.

मुंबईच्या विजेची सुरुवात सह्याद्रीच्या पावसात आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरी १९२२ साली, भिरा १९२७ साली. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी तलावात अडवायचं, नळातून कोकणात सोडायचं, त्या उतारावर चक्रं फिरवायची. आधी गिरण्या, मग रेल्वे. काम झालं की खोपोलीचं पाणी पाताळगंगेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत, भिऱ्याचं कुंडलिकेत. उल्हास नदीचंच पाणी आमच्या घरात येतं, हे कळल्यावर मुलं नकाशावर वाकली ती उठेनात.

भिऱ्याचं पाणी मुळशीचं, आणि मुळशीचं नाव घेतलं की सत्याग्रह आलाच. धरणात जमिनी जाणार म्हणून मावळातले शेतकरी १९२१ ते १९२४ लढले, पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पुढे होते आणि 'सेनापती' ही ओळख त्यांना याच लढ्याने दिली. गावं बुडाली ती बुडालीच. फलकावर हे नको, विषय भरकटतो, असं एका सभासदाचं मत पडलं. मी मानलं नाही. मुंबईच्या या विजेसाठी कुणाची शेतं गेली, हे त्या विजेच्या हिशेबातच धरायला हवं. परिच्छेद फलकावर राहणार.

खाली आमच्या दारातलं ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाऊसही घेतलं. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वजाने, आपल्या गाड्यांसाठी उभारलेलं, कोळशावर चालणारं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बंद पडलं. बऱ्याच घरांत अजून त्याच्या भोंग्याच्या आठवणी निघतात. आज रेल्वे राज्याच्या वीजजाळ्यातून ११०, १३२ किंवा २२० हजार व्होल्टला वीज घेते आणि आपल्या ट्रॅक्शन सबस्टेशनात ती २५ हजारांवर उतरवते.

२९ डिसेंबर

परतीची वाट. तारेतून पँटोग्राफ, तिथून गाडीतला ट्रान्सफॉर्मर, मग चाकं, रूळ आणि पुन्हा सबस्टेशन. म्हणून रुळांच्या सांध्यांवर तांब्याच्या जोडण्या दिसतात. डीसीच्या काळात यातला काही प्रवाह रूळ सोडून जमिनीत घुसायचा आणि पुरलेल्या लोखंडी नळांना खायचा. एसीत तो त्रास सरला, पण शेजारच्या टेलिफोन तारांत गुणगुण शिरू नये म्हणून वेगळी तजवीज करावी लागली. "रुळाला हात लावला तर शॉक बसेल?" रूळ जमिनीच्या व्होल्टेजच्या जवळपासच राहतो, म्हणून रोज हजारो माणसं रूळ ओलांडताना जिवंत राहतात. ओलांडू नये याचं कारण धावती गाडी.

५ जानेवारी २०२५

न्यूट्रल सेक्शन. माझा सगळ्यात आवडता भाग.

वीजकंपनी तीन फेजची, म्हणजे तीन तारांतून वेगवेगळ्या वेळी चढ-उतार होणारी वीज देते, रेल्वेला तार मात्र एकच. मग एका सबस्टेशनाने दोन फेज वापरायच्या, पुढच्याने वेगळ्या दोन, म्हणजे भार सगळ्यांवर वाटला जातो. पण वेगवेगळ्या फेजच्या या दोन हद्दींतल्या तारा एकमेकींना चिकटल्या तर मोठा शॉर्टसर्किट. म्हणून मध्ये वीज नसलेला एक छोटा तुकडा ठेवतात. लोकलमध्ये दिवे-पंखे क्षणभर जाऊन परत येतात तो हाच.

निवृत्त मोटरमनकाका आले होते. त्यांनी बसल्याबसल्या दोन्ही हात हँडलवर असल्यासारखे धरले आणि सांगू लागले. "आधी पाचशे मीटरचा बोर्ड, मग अडीचशेचा. पॉवर शून्यावर घ्यायची. पुढच्या बोर्डाला ब्रेकर उघडायचा, म्हणजे गाडीची वीज तोडायची. गाडी आपल्या वेगाने सरकते. पलीकडचा बोर्ड गेला की ब्रेकर पुन्हा जोडायचा, पुन्हा पॉवर. रात्री, धो धो पावसात, बोर्ड दिसो न दिसो, जागा अंगात मुरलेली असते." ब्रेकर चालू ठेवून कुणी गेला तर? "तार जळते, बाळा. मग मागच्या सगळ्या गाड्या उभ्या." एकाच पँटोग्राफवर चालणारं इंजिन या तुकड्यात थांबलं तर त्याला पुढे जायला वीजच नसते, त्यामुळे सिग्नल कुठे उभा करायचा हेसुद्धा न्यूट्रल सेक्शन बघून ठरतं.

प्रतिकृतीत तारेच्या मधोमध टेफ्लॉनचा तुकडा बसवला, दोन बाजूंना दोन वेगळे पुरवठे. गाडी ढकलली की बल्ब विझतो, पेटतो. काकांनी चार वेळा ढकलून बघितली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

१२ जानेवारी

बदलाची गोष्ट लिहून काढली. हे काम मुंबईने केलेल्या मोठ्यात मोठ्या कामांपैकी एक आहे असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कौतुक झालं नाही याचं वाईटही वाटतं.

अडचण अशी : तारेत डीसी असेल तर डीसीचीच गाडी चालणार, एसी असेल तर एसीची. रोज लाखो माणसं वाहणारा मार्ग बंद ठेवून बदल करता येत नाही. उपाय म्हणजे आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणायच्या. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये सीमेन्सच्या यंत्रणेची जी नवी गाडी धावू लागली, ती अशी होती. सुटताना चढत जाणारा सूर काढणारी, तीच. अशा गाड्या पुरेशा झाल्या की तुकड्या-तुकड्याने तारेतली वीज बदलायची. रात्रीच्या ब्लॉकमध्ये इन्सुलेटर बदला, सबस्टेशनं उभारा, सिग्नलच्या केबली सांभाळा, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीला तार तयार ठेवा.

पश्चिम रेल्वेचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये पूर्ण झालं. मध्य रेल्वेची मुख्य मार्गिका जून २०१५ मध्ये. हार्बर शेवटी. तिथे आणि बोरीबंदरच्या आसपास ब्रिटिशकालीन बुटके पूल. २५ हजार व्होल्टची तार आणि पुलाचं लोखंड यांच्यात जी मोकळी जागा लागते ती मिळेना. कुठे रूळ खाली घ्यावे लागले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडला. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बरवर शेवटची डीसी लोकल धावली. जिथे १९२५ साली सुरुवात झाली त्याच मार्गावर, एक्क्याण्णव वर्षांनी. दुसऱ्या दिवशी लोक नेहमीसारखे कामाला गेले.

१९ जानेवारी

सुरक्षेचा फलक. ओएचईवाल्या काकांनी शब्द सांगितले, मुलांनी लिहिले. २५ हजार व्होल्टच्या तारेला हात लावावा लागत नाही. जवळ गेलं तरी वीज हवेतून उडी मारते. यार्डात उभ्या डब्यावर फोटो काढायला चढणारी पोरं अशीच जातात. रेल्वेचा नियम दोन मीटर अंतराचा आहे, आणि तो कामगारांनाही लागू. काका म्हणाले, "आम्ही वीज बंद झाल्याचं नुसतं ऐकून कधी वर चढलो नाही. कंट्रोलरचं परमिट हातात, मग कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगचे रॉड लावायचे, मगच हात. तेही रोज, तीच सवय." हे वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरात.

३ फेब्रुवारी

प्रतिकृती खुली झाली. गर्दी संध्याकाळी, गाड्या आल्यावर. एका आजोबांनी विचारलं, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला सगळ्या लोकल एकदम कशा बंद पडल्या? एक सबस्टेशन गेलं तर शेजारच्याचा पुरवठा पुढे वाढवून गाड्या चालवता येतात, पण त्या दिवशी मुंबई-ठाण्याला वीज देणारं जाळंच कोसळलं होतं. शेजारचंही सबस्टेशन अंधारात. आमच्या फळीवर ते दाखवता येतं, मुख्य वायर उपटली की झालं. मुलीने उपटून दाखवली.

दोन बायका बराच वेळ मुळशीच्या परिच्छेदापाशी होत्या. त्यांतल्या एकीचं माहेर पौडचं. तिने मुलांना घरी ऐकलेलं सांगितलं. ते आम्ही तिच्या परवानगीने लिहून घेतलं आहे आणि फलकाखाली लावणार.

९ फेब्रुवारी

उरलेलं एक काम : ब्रेक लावताना वीज परत तारेत जाते, ते. नव्या थ्री-फेज गाड्यांमध्ये मोटरच जनित्र होते आणि गाडी थांबवताना निघालेली वीज तारेतून जवळच्या वेग घेणाऱ्या गाडीला मिळते. अशा गाड्यांमुळे तीस-पस्तीस टक्के वीज वाचते असं रेल्वे सांगते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलला याहून सोयीचं काही नाही. उतारावरून सोडलेल्या गाडीने दुसऱ्या गाडीचा बल्ब पेटवायचा, अशी रचना मुलांनी काढली आहे. त्यासाठी जुन्या टेपरेकॉर्डरच्या दोन मोटरी हव्यात. कुणाकडे पडून असतील तर वाचनालयात संध्याकाळी सहा ते आठ आणून द्याव्यात.